घडीबाई

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. बाबांचा सगळा जन्म पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यात गेला आणि त्यांचे कानही तिथेच गेले. त्यामुळे संशोधन संस्थेत लागले तेव्हापासून जो तो मला म्हणतो, "अहो, जरा हळू!" फक्त जिन्याखालच्या सॉफ्टवेअर मदत कक्षात कुणी असं म्हणालं नाही, कारण तिथली बाई माझ्यापेक्षा मोठ्यांदा बोलायची.

तिला सगळे घडीबाई म्हणत. प्रोग्राम अडला की आम्ही संशोधक लॅपटॉप घेऊन तिच्या दारात. ती शेजारी खुर्ची ओढायची, हाताची घडी घालायची आणि काम संपेपर्यंत सोडायची नाही. शाळेत 'हाताची घडी, तोंडावर बोट' असायचं. हिनं त्यातलं अर्धंच घेतलं होतं. तोंडाचा पट्टा अखंड चालू. "वाच काय लिहिलंयस ते. मोठ्यांदा! स्वतः लिहिलंस ना? मग लाजतेस कशाला?"

मला तिचा भयंकर राग यायचा. तिला चूक दिसलेली असायची, ती तिच्या चेहऱ्यावर मला दिसायची, पण बोट काही पुढे यायचं नाही. एकदा मी भडकलेच. "दोन बटणं दाबायला तुमचं काय जातं हो?"

"आधीच्या नोकरीत दाबायचे," ती म्हणाली. "सगळ्यांची. एकदा मीच चुकले, आणि अख्ख्या विभागात ती चूक ओळखणारा एक माणूस नव्हता. चुकीचं तसंच छापून गेलं. तेव्हापासून हात आवरते. घरी नवऱ्याला डब्याचं झाकण उघडून देत नाही मी, तू कोण लागून गेलीस?"

आमचं काम कामगारांच्या कानांचं. कारखान्यात जायचं, यंत्र लावायचं, कुणाला किती ऐकू येतं ते नोंदवायचं. आकडा मोठा तितका कान अधू. शून्य म्हणजे तिखट कान. पुढचा हिशेब विभागप्रमुख सरांच्या जुन्या प्रोग्रामचा. विद्यार्थी आले, गेले, प्रोग्राम तोच. उघडून पाहायची कुणाची छाती नव्हती. बाबा वाक्यं प्रमाणम्! या वेळी पाळी बाबांच्या कारखान्याची होती. अहवालात कान बिघडलेले दिसले तर तिथल्या यंत्रांना आवाज अडवणारी आवरणं बसणार होती. अहवाल निघाला: कान उत्तम आहेत, आवरणांची गरज नाही.

मला ते पटत नव्हतं, पण सरांसमोर बोलणार कोण? मी मुकाट्यानं आलेखाचे रंग बदलायला घडीबाईकडे गेले.

"रंग मरू देत," ती म्हणाली. "आकडे खरे कशावरून?"

"सरांचा प्रोग्राम आहे."

"प्रोग्राम कुणाचा ते विचारलं का मी? ज्याचं उत्तर तुला आधीच ठाऊक आहे, असा एक माणूस शोध. त्याच्याबद्दल हे काय म्हणतंय बघ."

मी बाबांचा यादीतला नंबर टाकला. त्यांची तपासणी मीच केली होती. यंत्राचा आवाज पार शेवटपर्यंत चढवला होता, आणि बाबा माझ्या तोंडाकडे बघत, तपासणी सुरू व्हायची वाट पाहत बसले होते.

पडद्यावर शून्य आलं. अख्ख्या कारखान्यात तिखट कान कुणाचे, तर माझ्या बाबांचे!

मी प्रोग्राम उघडला आणि एकेक ओळ मोठ्यांदा वाचत गेले. ज्याला काहीच ऐकू आलं नाही त्याची जागा आम्ही कोरी सोडत होतो, आणि प्रोग्राम प्रत्येक कोऱ्या जागी शून्य भरत होता. जो ठार बहिरा, तो सगळ्यांत धडधाकट. असे किती कारखाने याच्यातून गेले असतील? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथूनच सरांना फोन लावला.

सर खाली आले. पडदा पाहिला, घसा खाकरला. "हं. तांत्रिक अडचण. सॉफ्टवेअर विभागानं आधी लक्ष द्यायला हवं होतं." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! मग घडीबाईला म्हणाले, "कोऱ्या ओळी सरळ गाळून टाका. अहवाल आजच जायचाय."

गाळून टाका. आधी बहिऱ्यांना चांगले कान दिले, आता माणसंच नाहीशी करा.

घडीबाईनं घडी आणखी घट्ट केली. "कीबोर्ड हिचा आहे, सर. मी हात लावत नाही, सगळ्यांना माहीत आहे."

"मग तुम्ही करा," सर माझ्याकडे वळले.

मी हाताची घडी घातली.

"माझे बाबा आहेत त्यात," मी म्हणाले, आणि घरी बोलते त्याच आवाजात म्हणाले. जिन्यावरचे लोक थांबले, वरची दारं उघडली. "त्यांना ऐकू येत नाही! ते गाळायचे नाहीत! 'ऐकू येत नाही' असंच लिहायचं!"

"हळू बोला," सर म्हणाले.

"नाही बोलणार!"

सरांचे कान लाल झाले. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, खुर्चीत बसले आणि स्वतःच्याच प्रोग्रामकडे बघत राहिले. बोटं कीबोर्डवर, पण हलेनात. दारात आता बरीच माणसं जमली होती.

घडीबाईनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली, पुन्हा घडी घालून. आवाज मात्र मी कधी ऐकला नव्हता इतका हळू.

"शिकवते, सर. आधी एक माणूस निवडा. तुम्ही ज्याला ओळखता असा."

सरांनी यादी वर नेली, खाली आणली, परत वर नेली. इतक्या कारखान्यांतला एकही माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता.

मी ओरडून बाबांचा नंबर सांगितला.