कारल्याचा फ्लेक्स

आमच्या घरमालकीण काकूंचे उपकार आधीच सांगून टाकतो, कारण एकदा मी स्वतःबद्दल बोलायला लागलो की त्या राहून जातील. एडिसनमधल्या त्यांच्या घराच्या तळघरात मी आणि माझी बायको राहतो. आज ज्या ऑफिसात बसून मी स्वतःला डिझायनर म्हणवून घेतो, तिथं मला काकूंनी पोचवलं. अक्षरशः पोचवलं. त्यांच्या गाडीतून, मागच्या सीटवर कारल्यांची पिशवी ठेवून.

लोक अमेरिकेत डिग्री घेऊन येतात, मला बायकोनं आणलं. ती इथं नर्स आहे. मी दहावीनंतर शाळेला रामराम ठोकून साताऱ्यात फ्लेक्सच्या दुकानात लागलो होतो. वाढदिवसाचे बोर्ड करायचो. मधोमध गॉगल लावलेले भाऊ, मागे उगवता सूर्य नाहीतर वाघ, आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. त्यातला एक चेहरा जरी राहिला, तरी भांडण थेट दुकानात. इकडे येऊन माझी फार प्रगती झाली. एका ग्रोसरीत 'पराठ्यावर पराठा फ्री'ची पोस्टरं करायला लागलो.

मग एका छोट्या डिझाइन स्टुडिओत जागा निघाली. मी अर्ज केला आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ही नोकरी मिळाली नाही तर जन्मभर पराठे, आणि बायकोच्या मैत्रिणींनी 'मिस्टर काय करतात?' असं विचारलं की तिनं विषय बदलायचा. तिनं कधी बदलला नव्हता, पण माझी तयारी होती. 'एज्युकेशन' हा शब्द कुठं दिसला की मी पाणी प्यायला उठायचो.

क्युपर्टिनोला कॉम्प्युटर कंपनीत असलेला चुलतभाऊ मदतीला धावला. फोनवरून.

"पोर्टफोलिओत पर्सनल प्रोजेक्ट्स हवेत. गोल-ड्रिव्हन."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे स्वतःच्या आनंदासाठी केलेलं काम. पण डेडलाइनसकट."

त्यानं एक्सेल पाठवलं. मी कुणीही न मागता एका बँकेचं अ‍ॅप सुधारलं, एका विमान कंपनीचा बोर्डिंग पास सुधारला, आणि ध्यान करायला शिकवणारं एक अ‍ॅप केलं, ज्यामुळे माझं बीपी वाढलं. डिझायनरनं खेळकर असावं असंही भावानं कुठंतरी वाचलं होतं. म्हणून शनिवारी दहा ते अकराच्या रकान्यात त्यानं 'प्ले' लिहिलं होतं. मी बरोबर दहाला खेळायला बसायचो. एक गोल काढायचो. तो पुरेसा खेळकर आहे का, याची काळजी करण्यात उरलेला वेळ छान जायचा.

अशाच एका शनिवारी काकू जिन्यावरून खाली आल्या. "अरे, पहिलं कारलं धरलंय! तुमच्याकडे वाढदिवसाला बोर्ड लावतात ना, तसा करून दे. कुंपणावर लावू."

"काकू, आज नाही जमणार. आज प्ले आहे."

"काय आहे?"

"खेळायचंय. अकरापर्यंत."

"मग खेळ की बाबा! बोर्ड करून झाला की खेळ."

त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात स्वतःच्या नवऱ्याचा कोट त्यांनी मला दिला होता, आणि मी तो अजून परत केलेला नाही. बसलो. कारल्याला गॉगल लावला. मागे सूर्य उगवला. वर लिहिलं, 'एडिसनचं कणखर नेतृत्व'. खाली शुभेच्छुक म्हणून दोडका, दुधी, मिरची आणि बागेचा पाइप. कोपऱ्यात ग्राउंडहॉग. बिळातून येऊन काकूंची रोपं फस्त करणारा तो जाडजूड प्राणी. त्याच्याखाली 'कट्टर विरोधक' लिहायचंच, हा काकूंचा हट्ट.

"मिरची एवढीशी का रे? तिला वाईट वाटेल."

"काकू, साताऱ्यात पण हेच म्हणायचे."

ग्रोसरीच्या मालकांना विचारून त्यांच्याच प्रिंटरवर बोर्ड छापला. बायको ड्युटीवरून आली ती कुंपणापाशीच पोट धरून हसत उभी. म्हणाली, "हा होय माझा नवरा! मग इतके दिवस तळघरात कोण राहत होतं?"

अर्थात पोर्टफोलिओत मी तो बोर्ड घातला नाही. भावाच्या एक्सेलमध्ये भाजीपाल्याचा रकाना नव्हता.

इंटरव्ह्यूच्या दिवशी बायको ड्युटीवर होती आणि हायवेला मी घाबरतो, म्हणून काकू निघाल्या. पार्किंगमध्ये म्हटलं, "तुम्ही गाडीतच थांबा हं."

"बाथरूमला तरी येऊ देशील का नाही?"

आत काचेच्या खोलीत मी स्लाइड्स दाखवत होतो. स्टुडिओच्या मालकीणबाई म्हणाल्या, "क्लीन." पुढची स्लाइड. "व्हेरी क्लीन." हॉस्पिटलच्या फरशीबद्दल बोलल्यासारखं. मग त्यांनी विचारलं, कुणी काही मागितलं नसताना तू काय करतोस? मी प्रामाणिकपणे घड्याळाकडे बघितलं.

तेवढ्यात बाहेर हशा उठला. रिसेप्शनच्या मुलीच्या एका हातात कारलं होतं, दुसऱ्या हातात काकूंचा फोन, त्यावर कुंपणावरच्या बोर्डाचा फोटो. मालकीणबाई उठून बाहेर गेल्या. मीही मागोमाग.

"ही मेड धिस," काकू सांगत होत्या. "फॉर माय बिटर गोर्ड. बर्थडे!"

बाईंनी फोटो मोठा करून बघितला. "खाली हे सगळे कोण?"

झालं, संपलं, असं मनात म्हणत मी सांगायला लागलो. शुभेच्छुक म्हणजे कोण, त्यांच्या क्रमावरून कशी भांडणं होतात, पाइपला शेवटची जागा का, विरोधकाचं तोंड दुसरीकडे का. माझं इंग्रजी कच्चं आहे हे मी विसरलो. स्लाइड्सना लागला त्याहून जास्त वेळ मिरचीला लागला. 'एज्युकेशन' कुणी काढलंच नाही. पाण्याचा ग्लास आत तसाच भरलेला राहिला.

नोकरी मिळाली.

आणि पहिल्याच रिव्ह्यूत मालकीणबाई आनंदानं म्हणाल्या, "त्या कारल्यासारखं काहीतरी दर तिमाहीला हवं! तुझ्या गोल्समध्ये टाकू या." टाकलं. आता माझ्या खेळकरपणाला ऑफिसची डेडलाइन आहे. भावाला कळवलं, तर त्याला गहिवरून आलं.

गेल्या शनिवारी मी पुन्हा एक गोल काढून त्याच्याकडे बघत बसलो होतो. वरून हाक आली, "अरे, दुधी लागलाय! आणि तो मेला विरोधक परत आलाय!" गोल तसाच टाकून मी वर पळालो.

काकू स्वतःचा फोटो कुणाला काढू देत नाहीत, त्यामुळे त्या अजून एकाही बोर्डवर नाहीत. पण त्यांचे उपकार मी फेडणार. एक दिवस कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोर्ड लावणार. मधोमध गॉगल लावलेल्या काकू, मागे सूर्य आणि वाघ दोन्ही. खाली शुभेच्छुकांत माझी बायको, कारलं, दुधी. आणि अगदी शेवटी, पाइपच्या शेजारी, मिरचीएवढा मी. त्यांच्या नवऱ्याच्या कोटात.