पप्पांनी तपासलेली इंग्रजी गाणी

अकरावीत असताना मी कॅम्पातल्या एका दुकानातून एका इंग्रज बँडची कॅसेट आणली. ती घरात आली आणि पप्पांचं नि माझं जे सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही.

तेव्हा आम्ही खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. पप्पा तिथे तपासनीस होते. दिवसभर मालातले दोष शोधायचे आणि घरी येऊनही त्यांची ती सवय सुटत नसे. केबलवर नुकतंच गाण्यांचं चॅनेल आलं होतं. त्यावर ब्रिटपॉप म्हणून जे काही लागायचं, त्यात हा एकच बँड मला माझा वाटला. कॉलेजात कॉन्व्हेंटच्या मुलींपुढे माझं तोंड उघडत नसे, आणि हा गायक मात्र आपल्या कारखान्यांच्या गावातले उच्चार जसेच्या तसे ठेवून गायचा, कुणाची भीडभाड न ठेवता.

पप्पांना वाटलं, मुलगी इंग्रजी शिकतेय. त्यांनी अट घातली की गाणं ऐकायचं असेल तर शब्द लिहून काढायचे. मी कॅसेट मागेपुढे करून ओळी लिहायची आणि जेवणं झाली की ते लाल पेन घेऊन वही तपासायला बसायचे. चुका माझ्या नसायच्या, गायकाच्या असायच्या. हे मी किती वेळा सांगितलं असेल.

"इंग्रज आहे ना तो?" पप्पा म्हणायचे. "मग एका वाक्यात दोन नकार कसे घालतो?"

गिटार किती उशिरा येते आणि आली की अंगावर कसा काटा येतो, हे मी सांगायला लागेपर्यंत ते पुढच्या ओळीवर पोहोचलेले असत.

पुढे मी हडपसरच्या एका आयटी कंपनीत लागले. आमचा क्लायंट उत्तर इंग्लंडमधला होता. त्यांचा फोन आला की सगळी टीम एकमेकांची तोंडं बघायची. मला मात्र शब्दन् शब्द कळायचा, कारण माझ्या गायकाचे उच्चार अगदी तसेच होते. मॅनेजरने कौतुक केलं, ते मी घरी सांगितलं, तर पप्पांनी सगळं श्रेय त्या वहीला देऊन टाकलं.

मग बँड फुटला. काही वर्षांनी गायकाचा एकट्याचा अल्बम आला. मी हपापून ऐकला आणि हिरमुसले. नुसता पियानो, थकलेला आवाज, ड्रम नाहीत, संताप नाही. तोवर पप्पा निवृत्त झाले होते आणि आम्ही वाघोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. रविवारी सकाळी लॅपटॉपवर तो अल्बम वाजत होता. पप्पा खुर्ची ओढून बसले आणि संपल्यावर म्हणाले, परत लाव.

मी म्हटलं, पप्पा, यात काही दम नाही. बँडमध्ये होता तेव्हा तो काय होता, तुम्हाला माहीत नाही.

"तुला तो अजून विशीतलाच हवाय," ते म्हणाले. "तू तरी आहेस का?"

ज्या माणसाने त्या बँडचं एक गाणं कधी धड ऐकलं नाही, तो मला माझा गायक समजावत होता. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसची बस खराडीला अडकली, तेव्हा निव्वळ दोष काढायचे म्हणून तो अल्बम पुन्हा लावला. चौथ्या गाण्यात तो म्हाताऱ्या आईबद्दल गातो. ती त्याला त्याच्या भावाच्या नावाने हाक मारते आणि तो ओ देतो. तिथे त्याचा आवाज अडतो, आणि ते त्याने तसंच राहू दिलंय. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

पप्पांना हे सांगायला मला महिना लागला.

गेल्या वर्षी त्याचा दुसरा अल्बम आला. मला तो पहिल्यापेक्षाही आवडला. पप्पा म्हणतात, घाईत केलाय.