फायबरशेठचा माळा

फायबरशेठचं खरं नाव गल्ली कधीच विसरली होती. होड्यांची भोकं बुजवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि फुशारकी मारण्यात तर नव्हताच नव्हता. काचेचं कापड, त्यावर चिकट रेझिन, थरावर थर. वाळलं की दगड, असं तो म्हणे. त्याच मालाचा माळा त्याने घरात सोफ्याच्या वर ठोकला आणि पहिल्याच दिवशी दोन मेहुण्यांना वर चढवून नाचवलं. मेहुणे तब्येतीने असे की जमीनही कुरकुरावी. माळा हललासुद्धा नाही. मग सासूबाईंच्या पितळी भांड्यांच्या ट्रंका वर गेल्या आणि तिथेच मुक्काम ठोकून राहिल्या.

काही वर्षांनी माळ्याखालच्या कपाटाचं दार वर माळ्याला घासू लागलं. शेठने दाराला रंधा मारला. उन्हाळ्यात पुन्हा घासलं, पुन्हा रंधा.

"अहो, दार वाढतंय की माळा खाली येतोय?" बायकोने विचारलं.

"लाकूड फुगतं."

मग वरून टक् टक् आवाज यायला लागला.

"किडा असेल," शेठ म्हणाला.

"फायबरमध्ये? दात बरे दिसतायत त्याचे."

आतले काचेचे धागे एकेक करून तुटतायत, हे शेठला पक्कं ठाऊक होतं. पण ट्रंका उतरवायच्या म्हणजे मेहुण्यांसमोर नाक कापून घ्यायचं.

अशात एका वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाई आल्या. मुलींच्या खाटांवर सामानासाठी असेच माळे हवे होते. एवढं मोठं काम शेठच्या सात पिढ्यांनी पाहिलं नव्हतं. बाई सोफ्यावर सासूबाईंशेजारी टेकल्या. वर टक् झालं.

"सासूबाई, जरा खिडकीपाशी बसता का? वारा आहे."

"मला वारा बाधतो. आणि जावईबापूंना माझी काळजी कधीपासून?"

"बाई, तुम्हीही जरा..."

व्यवस्थापक बाईंनी मान वर केली. "का हो? पडतोय की काय?"

हो म्हणावं तर काम गेलं. नाही म्हणावं तर त्या मुली रोज असल्याच माळ्याखाली झोपणार.

"माणसं घटकाभर नाचली तर याला काही होत नाही," शेठ पुटपुटला. "पण ओझं वर्षानुवर्षं तसंच ठेवलं की वाकत जातो, वाकत जातो, आणि एक दिवस तुटतो. उठा आधी दोघी."

ट्रंका उतरल्या तरी माळा काही सरळ झाला नाही. वसतिगृहाचं काम एका लोखंडवाल्याला मिळालं. शेठ आठवडाभर कुणाशी बोलला नाही, आणि ट्रंका आपल्या होत्या म्हणून त्या शांततेचं श्रेय सासूबाई अजून स्वतःकडे घेतात.