तुपावरचा आळ

जिलबीच्या ताटावर बसून हृदयाच्या रक्तवाहिनीचं आख्यान लावणारा माझ्या साडूंसारखा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. लातूर नवा जिल्हा झाला, दवाखाना वाढला, आणि ते नांदेडहून बदलून इथल्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या रंगवायला आले. रंगानं बोटं कायम गुलाबी, अनोळखी माणूस विचारायचा, "कोण निवडून आलं?" पुढं दुष्काळ पडला, लोक टँकरसाठी भांडायचे, तर हे रांगेतल्या बायकांना पेशी कशा वाढतात ते समजावायचे. ऐकणारीचा नंबर हमखास जायचा.

त्याच वर्षी आमचे सासरे छातीत कळ येऊन गेले. चाऱ्यावाचून जनावरं विकली, तरी सासूबाईंनी एक म्हैस राखली होती. तिचं तूप फक्त सासऱ्यांच्या ताटात पडायचं. तेराव्याच्या पंगतीत मी शाळामास्तरच्या थाटात म्हणालो, "तुपानंच नळी तुंबली." वाढणाऱ्या सासूबाईंचा हात जागीच थांबला.

साडू उसळले. "मास्तर, नळाला जीव नसतो, ह्या नळीला हाय! आतून जखम झाली की बुजवायला नळीच्या भिंतीतल्याच पेशी आत सरकत्यात, एकाच्या दोन, दोनाच्या चार हुत्यात. चरबी बी शिरती, पण एकट्या तुपाला कशाला फासावर देता? डागडुजीनंच वाट बुजती."

"म्हणजे मामा गवंड्यामुळं गेले म्हणा!" मी म्हणालो. तेरावं असूनही पंगत हसली.

"जखम कशानं झाली ते इचारा की. धुरानं." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खाली मान घालून भात कालवू लागले.

मामांची विडी डॉक्टरांनी बंद केली होती. मी ती रोज चोरून नेऊन देत होतो.

सासूबाईंनी तुपाचं भांडं फडताळात ठेवून दिलं. मग दर सणाला साडू पाटावर बसून ओरडायचे, "मामी, तूप तुमीच वाढा, न्हाईतर उठतो!" खरं तर त्यांना तुपाचा वासही सोसत नसे. एकदा परसात जाऊन ओकून आले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "आणखी एक पळी." मामी आधी रडत वाढायच्या, पुढं पुढं हसायला लागल्या.

म्हातारपणी मी साडूंना विचारलं, "अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं. माझं नाव का नाही घेतलं?"

"मामा तर गेलेच व्हते. मामींचा एक जावई बी कशाला कमी करू?"

साडू गेले. त्यांच्यामागून दोन वर्षांनी मामीही गेल्या. शेवटच्या दिवसांत मी चमच्यानं पाणी पाजत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याच हातानं लई तूप गेलं हो ह्यांच्या पोटात, तुमच्या मामांच्या." साडू असते तर ताडकन उठून बसले असते, पेशी मोजून दाखवल्या असत्या. मी नुसता चमचा पुन्हा भरला.