हवालदाराची इर्जिक

सांगलीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याला सगळे हवालदार म्हणत. ज्ञानदेव घार्गे हे नाव फक्त पगारपत्रकावर होतं, आणि ज्ञानू म्हणणारी माणसं वडूजच्या पलीकडं गावात राहिली होती, तीही आता थोडीच. चोवीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये, निरोप पोचवण्याच्या कामात, काढून तो पंच्याण्णव साली परत आला आणि त्याच वर्षी बायको गेली. मुलगी संयोगिता विट्याला दिलेली, पण जावयाचं सोनं गाळायचं दुकान कोइमतूरला, म्हणून तीही तिकडंच. हा कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये सहायक म्हणून लागला आणि हरणाबाईच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली. खोलीत एक स्टोव्ह, एक खाट, आणि बोलायला कुणी नाही.

बोलायला माणसं त्याला लॅबमध्ये मिळाली, पण ती सगळी पडद्यावरची. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही उघडून बघावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी अशी ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. तिच्या लोकांची एक मेलिंग लिस्ट होती; एकानं अडचण लिहिली की ती सगळ्यांना पोचायची आणि ज्याला जमेल तो उत्तर द्यायचा. हवालदार दोन वर्षं रोज उत्तरं देत होता, पलटणीच्या कडक इंग्रजीत, खाली सही ‘ज्ञानदेव, सांगली’. किती अनोळखी लोकांची यंत्रं त्यानं चालती केली याची गणती नाही. स्वतः मात्र एकदाही काही विचारलं नाही. असला हट्टी माणूस.

हट्टाला कारण होतं. पंचाहत्तर साली तो रजेवर आला होता, तेव्हा त्याच्या आईनं, साळूबाईनं, इर्जिक घातली होती. म्हणजे गावाला सांगायचं, आमच्या शेताची नांगरट आहे, बैल घेऊन या. मजुरी नाही, जेवण घालायचं. आणि घरधन्यानं जेवायचं ते पंगत उठल्यावर, सगळ्यात शेवटी. साळूबाईनं तीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटल्या. आला एकटा शेजारचा सिद्धू, आपली बैलजोडी घेऊन. गाव वाईट नव्हतं. पण नवरा वारलेला, पोरगा फौजेत. चार वर्षं या घरातून दुसऱ्याच्या इर्जिकीला कुणी गेलंच नव्हतं, मग येणार कोण? सिद्धूही एकट्यानं ताटावर बसेना. दिवस मावळला, पंगत काही बसली नाही, म्हणून साळूबाई जेवली नाही. पोळ्या गुरांपुढं टाकताना तिचा चेहरा ज्ञानूनं पाहिला. तेव्हापासून त्यानं कुणाला मदतीची हाक मारली नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात गळ्याशी आलं. लॅबमधली दहा जुनी यंत्रं भंगारात काढायचं ठरलं. हवालदार विभागप्रमुख क्षमा मॅडमकडं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, लिनक्स घालून ती मी चालवून दाखवतो. मॅडमनी तीन आठवडे दिले. मुदत संपल्यावरच्या सोमवारी टेम्पो येणार होता. यंत्रं उठली, पण एकमेकांशी बोलेनात. जोडणीची कार्डं कुठल्या बंद पडलेल्या कारखान्याची होती, ती लिनक्सला ओळखूच येईनात. पोरं सुट्टीला गेलेली. दोन आठवडे त्यानं एकट्यानं डोकं आपटलं. ती यंत्रं गेली असती तर त्याच्याकडं खाट आणि स्टोव्ह एवढंच उरलं असतं, हे त्याला नीट कळत होतं.

शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, त्यानं लिस्टवर लिहिलं. अडचण लिहिली, आणि तेवढ्यावर राहिला तर हवालदार कसला! इर्जिक म्हणजे काय तेही लिहिलं, आणि काम झालं तर रविवारी दुपारी माझ्याकडं जेवण आहे असं सगळ्या जगाला आवतण दिलं. पाठवल्यावर त्याला इतकी लाज वाटली, की दुपारपर्यंत तो त्या यंत्राकडं फिरकला नाही.

दुपारी बघतो तर सात पत्रं. फिनलंडच्या एका बाईनं कार्डावरच्या चिपचा नंबर मागितला. ब्राझीलच्या एका विद्यार्थ्यानं तो पाहून प्रोग्राम लिहिला. पुण्याच्या अनीश नावाच्या माणसाकडं तसलंच कार्ड पडलं होतं; त्यानं चालवून पाहून चुका कळवल्या, आणखी कुणी त्या दुरुस्त केल्या. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. शनिवारी दुपारी चार वाजता दहाही यंत्रं एकमेकांना ओ देऊ लागली. क्षमा मॅडमनी टेम्पोवाल्याला नको म्हणून निरोप धाडला.

हवालदारानं लिस्टवर लिहिलं: उद्या दुपारी जेवण तयार आहे. तुम्ही येऊ शकत नाही, ठाऊक आहे. जिथं असाल तिथं जेवा आणि जेवलो म्हणून कळवा. मी तुमच्यानंतर जेवेन.

आता याला काय म्हणावं? रविवारी कॉलेजला कुलूप असतं, पत्रं सोमवारशिवाय वाचायला मिळणार नाहीत, हे चोवीस वर्षं निरोप पोचवणाऱ्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी त्यानं पुरण शिजवलं, गुळवणी केली, वीस पोळ्या लाटल्या. हरणाबाई दारात येऊन उभी राहिली.

“किती मान्सं येनार हायती?”

“काम करून गेली.”

“आन् जेवली न्हाईत?”

“अजून कळलं न्हाई.”

“मग तुमी तरी दोन घास खावा की.”

“कसं खाऊ? पंगत उठली न्हाई.”

हरणाबाईला काही उमगलं नाही, पण ती चार पोळ्या घेऊन गेली. हवालदार भिंतीला टेकून बसून राहिला. आईला सांगावंसं वाटत होतं, की या खेपेला माणसं आली. पण आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, बायको नव्हती, आणि पोरीला फोन करून हे सांगायचं तरी कुठल्या शब्दांत? इतकं चांगलं झालं आणि सांगायला कुणी नाही, याचं त्याला रडू आलं. पाणी पिऊन तो तसाच निजला.

सोमवारी सकाळी आठला त्यानं लॅब उघडली. एकोणीस पत्रं होती. फिनलंडच्या बाईनं लिहिलं होतं, राय नावाच्या धान्याचा पाव आणि मासे, जेवले. ब्राझीलच्या पोरानं भात आणि काळ्या घेवड्याची आमटी. अनीशनं लिहिलं होतं, आईनं मुद्दाम पुरण घातलं, तुमच्या नावानं जेवलो. त्यानं एकोणीसही पत्रं सावकाश वाचली. मग पिशवीतला डबा काढला, कालची पोळी गुळवणीत बुडवली. एकट्यानंच खाल्ली. पण पंगत उठल्यावर खाल्ली.