दोनशे फेऱ्यांचं उत्तर

कर्मचारी क्रमांक चारशे सतरा. नाव: बोरसे कावेरी गोकुळ. लिंग: स्त्री. वय: छत्तीस पूर्ण. मूळ गाव: बेटावद, जिल्हा धुळे. सध्याचा पत्ता: नरोली, दादरा आणि नगर हवेली. शिक्षण: दहावी उत्तीर्ण. ओळखचिन्ह: उजव्या तर्जनीवर सुताने कापल्याची खूण. भाषा: मराठी व हिंदी येतात. गुजराती भांडण्यापुरती येते, परंतु त्यासाठी फॉर्मात रकाना नाही. इंग्रजी: निरंक. चालण्याची वा व्यायामाची सवय: नाही.

शेवटचं ‘नाही’ कावेरीने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि लिहिताना तिला खोटं बोलल्यासारखं जराही वाटलं नव्हतं. चालणारे लोक तिने पाहिले होते. ते सकाळी पांढरे बूट घालून दमणगंगेच्या काठी येतात, मनगटातल्या घड्याळाकडे बघत हात हलवतात आणि नंतर नारळपाणी पितात. ती सायली गावातल्या कारखान्यात सूत सांभाळायची. दोन्हींचा संबंध काय?

कारखाना पॉलिएस्टरच्या सुताचा. लांबच लांब मशीनं, प्रत्येकावर दोनशेच्या वर धागे, आणि धागा हा जन्मतःच तुटण्याच्या विचारात असतो. म्हणून मशीनच्या एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने यायचं, तुटलेला धागा दिसला की जोडायचा, भरलेली बॉबिन काढून ट्रॉलीत ठेवायची आणि पुन्हा निघायचं. याला फेरी म्हणतात. कावेरी अकरा वर्षं फेऱ्या मारत होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या तिघी जणी एकेक करून लाइन लीडर झाल्या, निळी टोपी घालून तिच्यावरच देखरेख करू लागल्या, आणि धागा अडला की टोपी काढून तिलाच विचारायला येऊ लागल्या. ती सांगायची. तिघींपैकी एकीला मात्र तिने एकदा सांगितलं, “विचार, पण टोपी घालून विचार. लोकांना कळू दे कोण कोणाला विचारतंय.”

लाइन लीडर व्हायची वेळ तिच्यावर आली तेव्हा नियम बदलला. मागे मोठा हॉल उभा राहत होता, मशीनं परदेशातून येणार होती, ती बसवायला तिथलेच इंजिनिअर येणार होते. तेव्हा नव्या हॉलच्या लाइन लीडरला इंग्रजी बोलता आलं पाहिजे, असं वरून ठरलं. परीक्षा फोनवर, पुण्याच्या एका संस्थेकडून. सात मिनिटं, रोजच्या जगण्याबद्दल सोपे प्रश्न, दोनच संधी.

पहिली संधी कावेरीने पावणेतीन मिनिटांत संपवली. घर कुठे? नरोली. काय आवडतं? भाकरी. तुम्ही खूप चालता का? नो मॅडम. का नाही? नो टाइम. पलीकडच्या बाई वाट बघत राहिल्या, की यानंतर काही येईल. कावेरीही वाट बघत राहिली, की पुढचा प्रश्न येईल. शेवटी दोघींनी एकमेकींचे आभार मानले.

निकालात ‘उत्तरे अपुरी’ असं आलं. कावेरीला ते झोंबलं. उत्तर चुकलं असतं तर तिने मान्य केलं असतं. पण अपुरं? नरोलीला राहते हे पूर्ण उत्तर होतं. त्यापुढे आणखी काय राहायचं?

दुसऱ्या संधीला अडीच महिने होते. ती हुकली की नव्या हॉलचं दार तिच्यासाठी बंद आणि जुन्या हॉलमधली फेरी निवृत्तीपर्यंत चालू. गोकुळ, तिचा नवरा, दादऱ्याला एका पॅकिंगच्या कारखान्यात होता. तो म्हणाला, जाऊ दे वं, टोपीशिवाय डोकं का उघडं पडतं? रविवारी ती सिल्वासातल्या टोकरखाड्याला अनंत सरांकडे गेली.

अनंत सर मूळचे देवगडचे. सरकारी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि सिल्वासातच राहिले, कारण गावच्या घरी भाऊ होता आणि इथे पेन्शन. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते नदीकाठी रोज दोन किलोमीटर चालत आणि त्याबद्दल चार किलोमीटर बोलत. त्यांनी कावेरीची उत्तरं ऐकली, चष्मा काढला आणि सांगितलं की इंग्रजीत उत्तर हे ताटासारखं असतं, नुसती भाकरी ठेवून उठता येत नाही. काय, कुठे, किती, का, आणि शेवटी एखादी स्वतःची गोष्ट. एवढं वाढलं की समोरचा खूश.

मग त्यांनी चालण्याच्या प्रश्नाला स्वतःच एक उत्तर लिहून दिलं. त्यात पहाट होती, बाग होती, गवतावर दवबिंदू होते आणि कोकिळेला एक पूर्ण वाक्य दिलं होतं.

“सर, पहाटे मी पाणी भरते,” कावेरी म्हणाली.

“परीक्षक पुण्यात आहे, बोरसेबाई. दव मोजायला येणार नाही इथे.”

तिने पाठ केलं. पुढच्या रविवारी घडाघडा म्हणूनही दाखवलं. सरांनी सहज इंग्रजीत विचारलं, बागेत फुलं कोणती आहेत? कावेरीने मराठीत विचारलं, “कोणती ठेवू?”

सरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. आयुष्यभर मुलांना ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहायला लावलेल्या माणसाला हे जड गेलं असणार. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की बाई, दिवसभर तुम्ही नेमकं करता काय? तिने फेरी सांगितली. ते म्हणाले, एका पाळीत अशा किती होतात? दोनशेच्या आसपास. एका फेरीचं अंतर किती? ते तिला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी तिने पावलं मोजली आणि रविवारी आकडा आणला. सरांनी तो कॅलेंडरच्या मागे मांडला. फेरीचे साठ मीटर, पाळीचे बारा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, अकरा वर्षं. गुणाकार त्यांनी दोनदा केला, कारण पहिल्यांदा त्यांचा स्वतःवर विश्वास बसला नाही. मग उठून भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहिले.

“बोरसेबाई, पृथ्वीला एक प्रदक्षिणा होत आली तुमची. पाचेकशे किलोमीटर कमी आहेत.”

कावेरीने मनातल्या मनात पाळ्या मोजल्या. “म्हणजे दिवाळीपर्यंत होईल,” ती म्हणाली.

त्या दिवसानंतर सरांनी तिच्यासमोर आपल्या दोन किलोमीटरचा विषय काढला नाही.

आता गोष्ट मिळाली होती, पण ती तोंडून निघायला हवी होती. घरी सराव अशक्य. नरोलीत ते राहत त्या ओळीत दहा खोल्या, मधल्या भिंती नावापुरत्या. मग कावेरीला जागा सापडली. मशीनच्या हॉलमध्ये इतका आवाज असतो की कानात बोळे घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. तिथे माणूस काहीही बोलू शकतो. सायलीत इंग्रजी बोलायला याहून एकांताची जागा नव्हती.

तिने एका फेरीला एक उत्तर लावलं. मशीनच्या टोकाला प्रश्न, जाताना काय आणि कुठे, वळणावर किती, येताना का, आणि पुन्हा टोकाला पोचेपर्यंत स्वतःची गोष्ट. धागा तुटलेला दिसला तर वाक्य तिथेच थांबवायचं, धागा जोडायचा, वाक्य जोडायचं, पुढे. आणि आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून पूर्ण छातीतून. दिवसाला दोनशे उत्तरं. असा सराव सिल्वासातल्या कुठल्या क्लासात करून घेत असतील असं वाटत नाही.

शेजारच्या मशीनवर सोनी होती, जव्हारकडची, जिभेची तिखट. तिने आठवडाभर कावेरीचे हलणारे ओठ पाहिले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाली, “ताई, मशीनला शिव्या देता ना? माझ्यातर्फे पण दोन देत जा.”

कावेरीने खरं सांगितलं. सोनी हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून फेरीच्या टोकाला दोघी समोरासमोर आल्या की सोनी बोटांनी खूण करायची. एक बोट म्हणजे घर, दोन म्हणजे जेवण, तीन म्हणजे चालणं. कावेरी मान हलवायची आणि त्या उत्तरावर निघायची. लोकांना वाटायचं दोघी बॉबिनांचा हिशोब करतायत.

एकच गोष्ट कावेरीच्या ध्यानात आली नाही. तो आवाज तिच्या इंग्रजीला कायमचा चिकटला होता. मराठी ती माणसासारखी बोले, इंग्रजी हॉलसारखी. एका संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती एक उत्तर म्हणून बघत होती, तर घरमालकीण दारात आली आणि तिने गोकुळला बाजूला घेऊन विचारलं, की नवरा-बायको भांडतात ते मी समजू शकते, पण इंग्रजीत का?

“पास होय पटकन,” गोकुळ त्या रात्री म्हणाला. “नाही तर खोली बदलावी लागेल.” पण पुढल्या रविवारी तो तिला टोकरखाड्यापर्यंत सोडायला आला आणि तासभर सरांच्या जिन्यात बसून राहिला.

परीक्षा मंगळवारी अकराला, ऑफिसात, भरती-बढतीचं बघणाऱ्या पूजा मॅडमच्या केबिनमध्ये. टेबलावर फोन, समोर खुर्ची, एसी. दार लावलं आणि कावेरीच्या लक्षात आलं की इथे काहीही आवाज नाही. पुण्याच्या बाईंनी नमस्कार करून पहिला प्रश्न विचारला, घराबद्दलच. कावेरीने नरोली म्हटलं. मग दहा खोल्यांची ओळ म्हटली. पुढे काय ते तिला दिसत होतं, पण वाक्य वळणावर होतं आणि ती खुर्चीत. फोनमधल्या बाई मागच्यासारख्याच वाट बघू लागल्या, आणि ती शांतता कावेरीच्या ओळखीची होती.

तिने पूजा मॅडमकडे पाहिलं आणि बोटाने विचारलं, उभी राहू? मॅडमनी खांदे उडवले. नियमात तसं काही नव्हतं.

कावेरी उठली आणि टेबलाभोवती चालू लागली. केबिन लहान, फेरी नऊ पावलांची. दुसऱ्या वळणावर वाक्य सापडलं. तिसऱ्या वळणावर पाणी भरणं, शेजारीण आणि मधल्या भिंती आल्या, त्या भिंतींतून ऐकू येणारी सगळ्यांची भांडणं आली, आणि हे सगळं हॉलच्या आवाजात आलं. पूजा मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. बाहेर अकाउंटवाल्यांनी माना वर केल्या. गेटवरच्या वॉचमनने नंतर सांगितलं की त्याला शब्द न् शब्द कळला, फक्त भाषा कळली नाही.

पुण्याच्या बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, तुम्ही आत्ता चालताय का?

“येस मॅडम,” कावेरी म्हणाली. “बसून मी फक्त जेवते.”

बाई हसल्या की खोकल्या, ते फोनवर कळलं नाही. मग त्यांनी कागदावरचाच प्रश्न विचारला. तुम्ही खूप चालता का?

कावेरीने सात फेऱ्या घेतल्या. मशीन किती लांब ते सांगितलं, पाळीत किती वेळा जाते ते सांगितलं. चार नंबरच्या मशीनजवळ जमीन डावीकडे उतरते, तिथे ट्रॉली धरून चालावं लागतं, हे नवीन मुलींना तीच सांगते, हेही सांगितलं. मग अनंत सरांचा गुणाकार सांगितला. पृथ्वी जवळजवळ पूर्ण, म्हणाली. सायलीच्या बाहेर न जाता.

पलीकडे थोडा वेळ काही आलं नाही. या वेळी कावेरीने वाट बघितली ती आरामात. मग बाईंनी कागद सोडून विचारलं असावं, कारण आवाज बदलला होता. एवढा प्रवास केलात, त्यात पाहिलंत काय?

“धागा,” कावेरी म्हणाली. “आणि कोण उशिरा येतं ते.”

सात मिनिटं संपून दीड मिनिट वर झालं होतं. पूजा मॅडमनी दार उघडलं तेव्हा बाहेर अकाउंटवाले, कॅन्टीनचा माणूस आणि जेवणाच्या सुट्टीची वाट न बघता आलेली सोनी असे सगळे दुसऱ्याच कामासाठी उभे होते. कावेरी त्यांच्यामधून सरळ गेली आणि हॉलकडे वळली. सरांनी अंतर विचारल्यापासून पहिल्यांदाच तिला आपली पावलं मोजावीशी वाटली नाहीत. त्यांचं मोजमाप आता पुण्यात नोंदलेलं होतं.

निकाल नऊ दिवसांनी आला, लेटरहेडवर. उमेदवाराची उत्तरे विस्तृत, विषयाला धरून व अनुभवाधारित आहेत. व्याकरणात सुधारणेस वाव आहे. उमेदवाराने संभाषणाच्या वेळी शक्यतो आसनस्थ राहावे, तसेच नवीन पदाच्या जबाबदाऱ्या लक्षात घेता कार्यस्थळी आवाजाची पातळी सौम्य ठेवण्याचा नियमित सराव करावा, अशी शिफारस करण्यात येत आहे. निकाल: पात्र.

एक तारखेपासून कावेरी बोरसे नव्या हॉलची लाइन लीडर आहे. तिथे सोळा मशीनं आहेत आणि सोळाही एकदम चालू असतात.