शेजारणीच्या आईची अळंबी

नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावात लिथुआनियन लोक आले ते काचघरांतले टोमॅटो तोडायला. आम्ही पुण्याहून कंपनीच्या खर्चानं विमानात बसून आलो. ते मिनीबसमध्ये पाय दुमडून आले आणि दाटीवाटीनं एकेका खोलीत राहिले. आता त्यांच्यातल्या काहींनी घरं घेतलीत. त्यांची मुलंही माझ्या लेकीसारखीच आईला डचमध्ये उलट उत्तरं देतात. गावाला मात्र अजून त्यांचा देश धड ठाऊक नाही. पूर्वेकडून आलेला प्रत्येक जण यांच्या लेखी पोलिश. मला याचा राग येतो.

माझी शेजारीण त्या मिनीबसवाल्यांपैकीच. गेल्या वर्षी तिनं आईला कायमचं इकडे आणलं. त्यांच्या खेड्यातली तरुण माणसं नॉर्वे-आयर्लंडला पांगली होती, म्हातारी एकटीच मागे उरली होती. लेकीनं वरची खोली रंगवून घेतली, नवा पलंग आणला. पण आजी दिवसभर खिडकीशी बसायच्या आणि ताटात अर्धं टाकून उठायच्या. ‘आई राहील ना गं इथे?’ शेजारीण मला पुन्हा पुन्हा विचारायची. मी काय सांगणार, कपाळ?

ऑक्टोबरात एकदा पाऊस उघडल्यावर आम्ही दोघी आजींना जंगलात घेऊन गेलो. पाइनच्या झाडांखाली आजी अशा काही भराभर चालायला लागल्या, की आम्हालाच धाप लागली. काठीनं पाला सारायचा, चाकूनं अळंबं कापायचं, हुंगायचं, टोपलीत टाकायचं. माझ्या आजोळी कोकणात बायका अशाच अळंबी आणायला जात आणि जागा सख्ख्या जावेलाही सांगत नसत. टोपली भरली तेव्हा आजी हसल्या. इथे आल्यापासून मी पहिल्यांदाच पाहिलं त्यांना हसताना.

तेवढ्यात वनरक्षक आला. इथे अळंबी तोडायला मनाई आहे, असं त्यानं सांगितलं. आजींना वाटलं, हा आपला वाटा मागतोय. त्यांनी टोपलीतलं सगळ्यात देखणं अळंबं निवडून त्याच्यापुढे धरलं. तो ओशाळला. म्हणाला, दंड करत नाही, पण टोपली इथेच रिकामी करा. शेजारणीनं मान खाली घालून आईला ते समजावलं. आजींनी वाद घातला नाही. गुडघ्यांवर बसून त्यांनी एकेक अळंबं पाल्यावर सरळ ठेवलं. नियम बरोबरच असेल, माणूसही वाईट नव्हता. तरी त्याला चार शब्द सुनावावेत असं मला फार वाटलं. माझं डच तिथे पुरलं नाही.

घरी येऊन कोट काढायच्या आधीच आजी म्हणाल्या, मी परत जाते.

‘तिकडे कोण आहे तुझं?’ लेक ओरडली. आजी शांतपणे बोलत राहिल्या आणि शेजारीण रडत रडत मला त्याचा अर्थ सांगत गेली.

‘तिकडे कुणी नाही, खरंय. पण तिथून मी तुला काहीतरी पाठवते. सुकवलेली अळंबी, मुरंबा, लोणच्याच्या काकड्या. इथे नुसती तुझ्या हातचं खाते. एवढी म्हातारी नाही झाले मी अजून.’

शेजारणीनं डोळे पुसले. मग फोन काढून ती तिकीट बघायला लागली.

आजी उठल्या, बाह्या वर केल्या आणि त्या घरात पहिल्यांदाच लेकीसाठी बटाटे सोलायला घेतले.